कण्यातील चकती आणि कंबरेचे दुखणे

झाशीचे नाव मराठी वाचकाला इतिहासामुळे परिचयाचे आहे. नेवाळकरांच्या सुभेदारीच्या काळात तेथे गेलेली अनेक मराठी कुटुंबे पुढे त्याच शहराची झाली. आजची झाशी मात्र किल्ल्याइतकीच कष्टाच्या कामांसाठी ओळखली जाते. दिल्ली, भोपाळ, कानपूर आणि माणिकपूर या चार दिशांचे लोहमार्ग येथे एकत्र येतात. रेल्वेच्या मालडब्यांची दुरुस्ती करणारा मोठा कारखाना येथे आहे. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा रोहित्रांचा कारखाना शहराजवळ १९७४ पासून चालू आहे. भोवतालच्या बुंदेलखंडाची जमीन ग्रॅनाइटची आहे आणि तो दगड फोडून त्याची खडी करणे हा या भागातील एक प्रमुख व्यवसाय आहे. स्थानकावरील हमाल, कारखान्यातील जोडारी, खडीच्या यंत्राजवळील मजूर, ट्रकचालक आणि दूरवरून पाण्याच्या घागरी वाहणारी खेड्यातील स्त्री या सर्वांचे उत्पन्न अथवा संसार त्यांच्या कंबरेच्या बळावर उभा असतो.

अशा माणसाची कंबर एकाएकी धरली, वेदना मांडीतून पोटरीत उतरली आणि ताठ उभे राहणेही अशक्य झाले, तर त्याच्यापुढील प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. तो कामावर कधी जाऊ शकेल? शस्त्रक्रिया केली तर तो बरा होईल की कायमचा अधू होईल? शस्त्रक्रिया न करता थांबले, तर काय होईल? या प्रश्नांची उत्तरे भीतीने अथवा ऐकीव माहितीवर दिली जाऊ नयेत, यासाठी कण्याची रचना, तिच्यातील बिघाड आणि त्यावरील उपचार यांचा परिचय करून घेणे आवश्यक आहे.

कण्याची रचना

माणसाचा कणा ३३ मणक्यांचा बनलेला असतो. त्यांपैकी मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कंबरेत ५ मणके असतात. त्याखालचे ५ मणके जुळून त्रिकास्थी होते व शेवटचे ४ लहान मणके मिळून माकडहाड बनते. मानेतील पहिल्या दोन मणक्यांमधील जागा सोडली, तर तेथून त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. अशा एकूण २३ चकत्या असतात. बोलण्यात या चकतीला ‘गादी’ म्हणतात आणि तो शब्द तिच्या कार्याला साजेसा आहे.

चकतीचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागात चिवट तंतूंची पंधरा ते पंचवीस वलये एकाबाहेर एक अशी रचलेली असतात. एका वलयातील तंतू एका दिशेने तिरपे असतात, तर पुढच्या वलयातील तंतू त्याच्या उलट दिशेने. खाटेच्या विणीप्रमाणे या रचनेमुळे वळणे आणि वाकणे हे दोन्ही ताण सहन होतात. या वलयांच्या मध्यभागी मऊ, चिकट असा गर्भ असतो. पाणी धरून ठेवणाऱ्या मोठ्या रेणूंनी तो भरलेला असतो आणि तरुणपणी त्याचा बहुतांश भाग पाण्याचाच असतो. वरून दाब आला की हा गर्भ तो सर्व बाजूंना सारखा वाटून देतो.

दिवसभर उभे राहिल्याने व बसल्याने चकत्यांतील पाणी थोडे थोडे बाहेर पिळले जाते आणि रात्री निजल्यावर ते पुन्हा आत शोषले जाते. यामुळेच सकाळी उठताना माणसाची उंची रात्रीपेक्षा सुमारे एक टक्का अधिक असते. पाण्याच्या या ये-जा करण्याला आणखी एक महत्त्व आहे. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिच्या पेशींचे पोषण वरच्या व खालच्या मणक्यांच्या पृष्ठभागांतून पाझरून येणाऱ्या द्रवावर अवलंबून असते. म्हणूनच चकतीला इजा झाल्यास ती हाडाप्रमाणे किंवा स्नायूप्रमाणे लवकर भरून येत नाही.

मणक्यांच्या मागील बाजूस असलेल्या कमानींमुळे एक लांब पोकळी तयार होते. तिच्यातून मज्जारज्जू खाली येतो, परंतु तो कंबरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्याखाली नुसत्या मज्जातंतूंचा जुडगा असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला अश्वपुच्छ असे नाव आहे. यातील एकेक जोडी दोन मणक्यांमधील छिद्रांतून बाहेर पडते. कंबरेच्या खालच्या भागातून आणि त्रिकास्थीतून निघालेल्या अशा काही मुळांच्या एकत्र येण्याने मांडीच्या मागून पावलापर्यंत जाणारा, शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू बनतो.

चकती कशी बिघडते

वयाच्या विशीनंतरच चकतीच्या गर्भातील पाणी कमी होऊ लागते. गर्भ घट्ट व तंतुमय होतो, वलयांना बारीक चिरा पडतात आणि चकतीची उंची घटते. हा प्रकार केस पिकण्याइतकाच स्वाभाविक आहे. अनेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. परंतु काही जणांत वलयातील चीर वाढत जाते आणि एखाद्या दिवशी गर्भाचा काही भाग तिच्यातून मागे ढकलला जातो. कधी वलय केवळ फुगून बाहेर येते, कधी गर्भाचा अंश वलय भेदून पोकळीत शिरतो आणि कधी त्याचा तुकडा मूळ चकतीपासून तुटून सुटा होतो. ‘चकती सरकली’ असे आपण म्हणतो खरे. परंतु वस्तुतः संपूर्ण चकती जागची हलत नाही, तिच्यातील द्रव्य बाहेर येते.

चकतीच्या मागे मध्यभागी एक मजबूत बंध असतो, पण दोन्ही कडांना तो विरळ होत जातो. त्यामुळे गर्भ बहुधा मागे व थोडा बाजूला सरकतो, आणि नेमका तेथूनच मज्जातंतूचे मूळ जात असते. कंबरेतील अशा बिघाडांपैकी दहांत नऊ किंवा त्याहून अधिक शेवटच्या दोन चकत्यांत आढळतात. कारण सर्वाधिक भार व सर्वाधिक हालचाल तेथेच असते. तीस ते पन्नास या वयात हा विकार अधिक दिसतो. या वयात वलय कमकुवत झालेले असते, पण गर्भ अजून पुरेसा ओला व दाबाखाली असतो. उतारवयात गर्भ सुकल्यामुळे तो बाहेर पडण्याचा संभव कमी होतो.

भाराचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून तिच्यातील दाब मोजला. जर्मनीतील उल्म येथे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अधिक सूक्ष्म साधनाने एका स्वयंसेवकावर अशी मोजमापे घेण्यात आली. उभे असतानाचा दाब एक मानला, तर पाठीवर निजल्यावर तो सुमारे एक पंचमांश होता आणि पुढे वाकल्यावर दुपटीहून अधिक झाला. पाठ गोल करून २० किलोचे ओझे उचलताना तो साडेचार पटींच्या घरात गेला, तर तेच ओझे गुडघे वाकवून उचलताना साडेतीन पटींच्या आसपास राहिला. सिमेंटचे एक पोते ५० किलोचे असते, हे ध्यानात घेतल्यास हमालाच्या कंबरेवर काय पडते याची कल्पना येईल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुष कामगाराने नियमितपणे वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली, ती याच विचाराने.

तथापि भार हेच एकमेव कारण नव्हे. फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या भावांच्या दीर्घ अभ्यासातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. एका भावाने आयुष्यभर अवजड काम केले किंवा वाहन चालविले आणि दुसऱ्याने बैठे काम केले, तरी दोघांच्या चकत्यांच्या झिजेत फारच थोडा फरक होता. चकतीची झीज पुष्कळ अंशी आनुवंशिक असते, असा त्याचा अर्थ. धूम्रपान आणि स्थूलता यांचाही संबंध दिसून आला आहे. मग कष्टकऱ्यालाच कंबरदुखीचा एवढा त्रास का होतो? याचे उत्तर असे की झीज सर्वांनाच होते. परंतु खुर्चीवर बसणारा कारकून दुखऱ्या कंबरेने आपले काम रेटू शकतो, तर मालडबा जोडणाऱ्या कामगाराला ते शक्य नसते. एकच विकार एकाला गैरसोयीचा ठरतो आणि दुसऱ्याची रोजी बुडवितो.

वेदना पायात का उतरते

कंबरेत बिघाड आणि दुखणे मात्र पोटरीत, हे रुग्णाला चमत्कारिक वाटते. परंतु मेंदूला वेदनेची जागा कळते ती मज्जातंतू जेथून येतो त्यावरून. तंतूच्या मुळाशी त्रास झाला, तरी तो तंतू ज्या भागाला जातो तेथेच कळ येत असल्याची जाणीव होते. यामुळे वेदनेच्या मार्गावरून बिघाडाची जागा ओळखता येते. कंबरेच्या पाचव्या मुळावर दाब असल्यास पावलाच्या वरच्या बाजूस मुंग्या येतात आणि पायाचा अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी होते. त्रिकास्थीच्या पहिल्या मुळावर दाब असल्यास पावलाची बाहेरची कड बधिर होते, चवड्यावर उभे राहणे जड जाते आणि टाचेच्या शिरेवर ठोका मारला असता पायाला येणारा झटका नाहीसा होतो.

ही वेदना केवळ दाबामुळे होते, असा समज बराच काळ होता. पुढे असे आढळले की गर्भातील द्रव्य मुळाजवळ आले की तेथे दाह उत्पन्न होतो आणि दाह झालेले मूळच थोड्याशा दाबानेही असह्य कळा देते. यामुळे दोन गोष्टींचा उलगडा होतो. मोठा तुकडा बाहेर येऊनही कोणाला फारसे दुखत नाही आणि लहानशा फुगवट्यानेही कोणी हैराण होतो. तसेच तुकडा तेथेच असतानाही दाह ओसरला की वेदना कमी होते.

शोधाचा इतिहास

हा विकार माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आयुर्वेदाने त्याला गृध्रसी म्हटले. नितंबापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असा वेदनेचा क्रम चरकसंहितेत वर्णिला आहे, आणि पाय वर उचलता न येणे हे लक्षण सुश्रुताने नोंदविले आहे. १७६४ मध्ये नेपल्स येथील दोमेनिको कोतुन्यो यांनी हे दुखणे सांध्याचे नसून मज्जातंतूचे आहे असे दाखविले. ताठ ठेवलेला पाय उचलून पाहण्याची चाचणी सर्बियातील लाझारेविच यांनी १८८० मध्ये व फ्रान्समध्ये लासेग यांचा शिष्य फोर्स्ट याने १८८१ मध्ये वर्णन केली. रुग्णाला उताणे निजवून त्याचा पाय गुडघा न वाकविता वर नेल्यास दाह झालेले मूळ ताणले जाते आणि पायात कळ उठते. ही साधी चाचणी आजही प्रत्येक चिकित्सक करतो.

मूळ कारण मात्र दीर्घकाळ सापडले नाही. कण्याच्या पोकळीत शस्त्रक्रियेच्या वेळी आढळणारे कूर्चेचे तुकडे ही एक प्रकारची गाठ आहे, असे शल्यचिकित्सक समजत. बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी अशा तथाकथित गाठी पुन्हा तपासल्या आणि त्या गाठी नसून फुटलेल्या चकतीचा भाग आहेत, असे त्यांना दिसून आले. १९३४ मध्ये त्यांनी १९ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. शतकानुशतकांच्या या व्याधीवर शस्त्रक्रिया हा उपाय असू शकतो, ही कल्पना तेव्हापासून सर्वत्र पसरली. भारतात मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग वेल्लोर येथे जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये सुरू केला आणि पाठोपाठ मद्रासमध्ये बी. राममूर्ती यांनी या कार्यास आरंभ केला. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ मध्ये स्थापन झाले आणि बुंदेलखंडातील रुग्णांना वैद्यकीय शिक्षणाशी जोडलेले रुग्णालय घराजवळ मिळाले.

निदान

साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, चकती दिसत नाही. पूर्वी कण्याच्या पोकळीत रंजक द्रव्य टोचून चित्र घ्यावे लागे आणि त्या तेलकट द्रव्याने कधी कधी मज्जातंतूंच्या आवरणांचा दाह होऊन नवे दुखणे मागे लागे. १९७१ मध्ये संगणकीय क्ष-किरण तपासणी प्रथम माणसावर झाली. त्यानंतर चुंबकीय अनुस्पंदनाने चित्र घेण्याची पद्धत आली. आज ‘एमआरआय’ या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात चकती, मज्जातंतू आणि त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट दिसतो.

परंतु या स्पष्टतेतच एक धोका आहे. १९९० मध्ये अमेरिकेत कंबर कधीही न दुखलेल्या ६७ व्यक्तींची अशी चित्रे घेण्यात आली. साठ वर्षांखालील पाचांपैकी एकाच्या चित्रात चकतीचा गर्भ बाहेर आलेला दिसला. साठीपुढील लोकांत हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. १९९४ मधील दुसऱ्या एका अभ्यासात ९८ निरोगी माणसांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. चित्रात चकती फुगलेली दिसली, म्हणजे वेदनेचे कारण सापडले असे नव्हे. वेदनेचा मार्ग, स्नायूंची शक्ती, बधिर झालेली जागा आणि चित्रातील बिघाडाची पातळी या सर्वांचा मेळ बसला, तरच निदान पक्के समजावे. शस्त्रक्रिया माणसावर करावयाची असते, चित्रावर नव्हे.

आपल्या देशात आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. कण्याचा क्षय हा येथे दुर्मीळ रोग नाही. वजन घटणे, संध्याकाळी बारीक ताप येणे, निजल्यावरही न थांबणारी वेदना ही लक्षणे असल्यास चकतीचा विचार बाजूला ठेवून क्षयाचा शोध घेतला पाहिजे. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि विलंबाची किंमत मोठी आहे.

शस्त्रक्रियेवाचून उपचार

महाराष्ट्रात उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घेण्याची चाल आहे. पायांकडून जन्मलेल्या माणसात तशी शक्ती असते, असा समज आहे आणि उत्तर भारतातही तो आढळतो. या उपायाने अनेकांना बरे वाटते यात नवल नाही. स्नायू आखडल्याने भरलेली उसण काही दिवसांत आपोआप जाते आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. मात्र पायात शक्ती कमी झाली असताना अथवा कण्यात क्षय असताना कोणी कंबर तुडविली किंवा जोराने पिळली, तर फार मोठी हानी होऊ शकते.

चकतीमुळे पायात उतरलेली वेदनाही बहुसंख्य रुग्णांत सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळशी ओसरते. पोकळीत शिरलेले द्रव्य शरीर परके समजते आणि भक्षक पेशी ते हळूहळू नाहीसे करतात. आश्चर्याची गोष्ट अशी की सुटा झालेला मोठा तुकडा फुगवट्यापेक्षा अधिक प्रमाणात विरतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत वेदना सुसह्य ठेवणे हाच मुख्य उपचार असतो. पूर्वी यासाठी कित्येक आठवडे फळीवर निजवून ठेवीत. १९८६ मधील एका अभ्यासात सात दिवस निजण्याऐवजी दोनच दिवस निजण्यास सांगितलेले कंबरदुखीचे रुग्ण कामावर लवकर परतले. १९९९ मध्ये पायात उतरलेल्या वेदनेविषयीही असेच दिसले की सक्तीच्या विश्रांतीने अधिक लाभ होत नाही. झेपेल तेवढे हिंडणे-फिरणे चालू ठेवावे, हाच आजचा सल्ला आहे. वेदनाशामक गोळ्या उपयोगी पडतात. परंतु दुकानातून आणून महिनोन् महिने घेतल्यास त्या जठराला व मूत्रपिंडाला अपाय करतात. कण्यात दाहशामक औषध टोचल्याने काहींना तात्पुरता आराम मिळतो. वजने बांधून कंबर ताणण्याचा उपाय लोकप्रिय असला, तरी त्याचा विशेष फायदा सिद्ध झालेला नाही.

शस्त्रक्रिया केव्हा करावी

एक परिस्थिती अशी आहे की जिच्यात थांबणे म्हणजे अनर्थ होय. मोठा तुकडा मध्यभागी येऊन संपूर्ण अश्वपुच्छावर दाब आला, तर लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरील ताबा जातो, दोन्ही पायांत शक्ती राहत नाही आणि खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तो बधिर होतो. अशा रुग्णावर शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणे आवश्यक असते. विलंब झाल्यास मूत्राशयावरील ताबा कायमचा जाऊ शकतो. ललितपूर, मऊरानीपूर किंवा टीकमगढकडील खेड्यातील माणसाला झाशीपर्यंत पोहोचण्यातच वेळ जातो. त्यातच ‘कंबर दुखते आहे, दोन दिवस पाहू’ असे घरच्यांनी ठरविले, तर हाती असलेली संधी निघून जाते. म्हणून ही लक्षणे वैद्यकाइतकीच सामान्य माणसालाही ठाऊक असली पाहिजेत. कंबरदुखीच्या रुग्णाची लघवी तुंबली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

पाऊल लोंबू लागणे अथवा पायातील शक्ती दिवसेंदिवस घटत जाणे, हेही शस्त्रक्रिया लवकर करण्याचे कारण आहे. उरलेल्या रुग्णांत, म्हणजे बहुतेकांत, घाई नसते. सहा ते आठ आठवडे योग्य उपचार करूनही पायातील वेदना असह्य असेल आणि निदानाचा मेळ बसत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

या निवडीवर दोन अभ्यास प्रकाश टाकतात. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्याबाबत निर्णय संदिग्ध होता अशा १२६ रुग्णांची सोडत पद्धतीने दोन गटांत वाटणी केली होती. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती अधिक चांगली होती. चार वर्षांनी दोन्ही गटांतील फरक लक्षणीय राहिला नव्हता. नेदर्लंड्समध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८३ रुग्णांच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना झपाट्याने गेली. परंतु वर्षाअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्णांना बरे वाटत होते. मात्र थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. यावरून शस्त्रक्रियेचे खरे मोल कळते. बहुतेक रुग्णांत ती आयुष्य बदलीत नाही. ती दुःखाचे काही महिने वाचविते. ज्याला पगारी रजा आहे तो हे महिने काढू शकतो. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते त्याला ते काढणे कदाचित शक्य नसते. दोघांनी वेगवेगळे निर्णय घेतले, तरी ते दोन्ही योग्य असू शकतात.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

आरंभीच्या काळात मणक्याची मागील कमान बरीचशी काढून मग चकतीपर्यंत पोहोचत. पुढे दोन कमानींमधील फटीतूनच आत जाण्याची पद्धत रूढ झाली. १९७७ मध्ये झ्यूरिख येथील गाझी याशारगिल आणि जर्मनीतील वोल्फहार्ड कास्पार यांनी यासाठी सूक्ष्मदर्शकाचा उपयोग केल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध केले. आजही हीच पद्धत प्रमाण मानली जाते. रुग्णाला भूल देऊन पालथे निजवितात. क्ष-किरणांनी मणक्याची पातळी निश्चित केल्यावर दोन ते चार सेंटिमीटरचा छेद घेतात. स्नायू बाजूला सारून दोन कमानींमधील पिवळा बंध उघडतात. मज्जातंतूचे मूळ हलकेच बाजूला धरून त्याखालील तुकडा चिमट्याने काढतात. संपूर्ण चकती काढीत नाहीत. मूळ मोकळे करणे एवढाच उद्देश असतो. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतात. याच कामासाठी आता बारीक नळीतून दुर्बिणीनेही शस्त्रक्रिया करतात. छेद लहान असतो. पण अंतिम परिणाम अनुभवी हातांत साधारण सारखाच असतो.

इतरही मार्ग शोधले गेले. पपईच्या चिकापासून मिळणारे एक पाचक द्रव्य चकतीत टोचून गर्भ विरघळविण्याचा प्रयोग अमेरिकेतील लायमन स्मिथ यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. काही वर्षे हा उपचार बराच गाजला, परंतु क्वचित होणाऱ्या तीव्र विषम प्रतिक्रियांमुळे पुढे मागे पडला. मणके एकमेकांस जोडण्याची शस्त्रक्रिया १९११ मध्ये न्यूयॉर्क येथे हिब्ज आणि आल्बी यांनी कण्याच्या क्षयासाठी सुरू केली होती. मणका जागचा सरकत असेल तर ती उपयुक्त आहे. पण केवळ झिजलेल्या चकतीमुळे कंबर दुखते म्हणून ती केल्यास पद्धतशीर व्यायाम व मार्गदर्शन यांहून फार मोठा लाभ होतो, असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसलेले नाही. कृत्रिम चकतीची कल्पना पूर्व बर्लिनमधील शारिटे रुग्णालयात १९८० च्या दशकात प्रत्यक्षात आली. तिच्या निर्मात्यांपैकी कारिन ब्यूटनर-यान्झ या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणाऱ्या व्यायामपटू होत्या. हा उपचार आजही निवडक रुग्णांपुरताच आहे.

लाभ, धोके आणि मर्यादा

निवड योग्य असल्यास दहांपैकी आठ ते नऊ रुग्णांची पायातील वेदना शस्त्रक्रियेने जाते, आणि पुष्कळदा शुद्धीवर येताच रुग्णाला ते जाणवते. बधिरपणा व अशक्तपणा मात्र सावकाश कमी होतो आणि कधी काही अंशी राहून जातो. नुसती कंबर दुखत असेल आणि पायात काही लक्षण नसेल, तर या शस्त्रक्रियेचा भरवसा देता येत नाही. तिच्याबद्दलची निराशा बहुधा या चुकीच्या अपेक्षेतून निर्माण होते.

मज्जातंतूंचे आवरण फाटणे, जंतुसंसर्ग होणे, मुळाला इजा पोहोचणे, चुकीच्या पातळीवर शस्त्रक्रिया होणे हे धोके कमी असले, तरी ते आहेत. साधारणतः शंभरांपैकी पाच ते दहा रुग्णांत त्याच चकतीतून पुन्हा द्रव्य बाहेर येते. शस्त्रक्रियेने पाय लुळे पडतात, ही भीती सर्वत्र ऐकू येते. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. या भागात मज्जारज्जू नसून सुटे मज्जातंतू असतात, हे त्याचे एक कारण आहे. या भीतीपायी वेळ दवडल्याने झालेले नुकसान हेही विसरता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत बैठ्या कामावर परतता येते. अवजड कामासाठी दोन-तीन महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, धूम्रपान सोडणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांचा उपयोग होतो. ओझे अंगाशी धरून, गुडघे वाकवून उचलावे हा सल्ला योग्यच आहे. परंतु केवळ उचलण्याची रीत शिकवून कंबरदुखी टळते, असे अनुभवास आलेले नाही. ओझेच लहान करणे, हातगाडी किंवा उचलयंत्र देणे, मधून मधून विसावा देणे आणि आजारातून उठलेल्या कामगाराला काही काळ हलके काम देणे, ही जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची आहे. शल्यचिकित्सक मज्जातंतू मोकळा करू शकतो. परंतु तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पोत्याखाली वाकणार असेल, तर उपचार अर्धवटच राहिला असे म्हटले पाहिजे.